जुन्या डेस्कटॉपला एसएसडी आणि रॅम: आधी काय, किती आणि कशी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. 2014 साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. आय5-4460 प्रोसेसर, एच81 चिपसेटचा बोर्ड, 4 जीबी डीडीआर3 रॅमची एकच स्टिक, 500 जीबीची हार्ड डिस्क आणि 32 बिट विंडोज 10. तालुक्याच्या गावी डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, शाळांचे अहवाल ही कामं, जोडीला महाडीबीटीचे ऑनलाइन फॉर्म. सकाळी मशीन चालू केलं की बराच वेळ माऊस नुसता फिरत राहतो, कोरल ड्रॉ आणि क्रोम एकदम उघडले की सगळं गोठतं. एक दुकानदार म्हणतो भंगारात द्या, दुसरा म्हणतो 16 जीबी रॅम टाका. खरं काय, आणि हे काम घरच्या घरी जमेल का?

मशीन भंगारात देऊ नका. आणि 16 जीबी रॅमही आज लगेच आणू नका. आधी एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क), तिच्यावर 64 बिट विंडोज, आणि मग रॅम, हा क्रम ठेवा. 32 बिट विंडोज 4 जीबीच्या पलीकडची रॅम वापरूच शकत नाही. त्या 4 जीबीतलाही काही पत्ता बोर्डावरच्या उपकरणांसाठी राखून ठेवावा लागतो आणि ऑनबोर्ड ग्राफिक्स स्वतःचा वाटा वेगळा घेतं, म्हणून प्रत्यक्ष वापरायला सव्वातीन-साडेतीन जीबीच्या आसपासच उरते. अशा विंडोजवर तुम्ही 16 जीबी टाकलीत तर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना विंडोजच्या आधी चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) 16 दिसेल, पण मशीन आज चालतंय तसंच चालेल. ‘रॅम वाढवली तरी काही फरक नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांमध्ये हे कारण मला वारंवार सापडतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात अबाउट उघडा, ‘सिस्टिम टाइप’च्या ओळीत 32 की 64 ते लिहिलेलं असतं. तुमचा प्रोसेसर 64 बिटचाच आहे, फक्त त्यावर टाकलेली विंडोज 32 बिटची आहे.

खर्च करण्याआधी एकदा स्वतः पाहून घ्या. मशीन अडकलेलं असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्सच्या पानावर जा. तुमच्या वर्णनावरून मला खात्री आहे की तिथे सीपीयू 15-20 टक्क्यांवर निवांत असेल आणि डिस्क 100 टक्के दाखवत असेल. त्याच वेळी खाली वाचन-लेखनाचा वेग पाहा. तो सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी असेल. डिस्क शंभर टक्के गुंतलेली, पण काम मात्र कणभर. या एका दृश्यावरून निदान होतं.

हे असं का होतं ते समजून घेतलंत तर पुढचे सगळे निर्णय सोपे जातील. तुमच्या हार्ड डिस्कमधली तबकडी मिनिटाला 7200 वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला 8.3 मिलिसेकंद. हवा तो तुकडा हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं, 4.2 मिलिसेकंद. त्याआधी हेड योग्य पट्ट्यावर न्यायला साधारण 8-9 मिलिसेकंद. एका तुकड्याला असे 12-13 मिलिसेकंद गेले तर सेकंदाला 75-80 तुकडे मिळाले. विंडोज सुरू होताना, अँटिव्हायरस तपासत असताना, कोरल शेकडो फाँट वाचत असताना मागणी असते ती अशा हजारो बारीक तुकड्यांची, आणि ते डिस्कभर विखुरलेले असतात. एसएसडीमध्ये फिरणारं काही नाही. तिथे एका तुकड्याला मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून कमी वेळ लागतो. खोक्यावर छापलेला ‘550 एमबी प्रति सेकंद’ हा वेग मोठी फाइल कॉपी करताना उपयोगी पडतो, पण मशीन हलकं वाटतं ते या बारीक तुकड्यांमुळे.

रॅमचा यात हात आहेच. रॅम भरली की विंडोज तिच्यातला मजकूर डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. म्हणजे रॅमचा तुटवडासुद्धा शेवटी डिस्कच्याच डोक्यावर बसतो. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर ‘कमिटेड’ असे दोन आकडे दिसतात. त्यातला पहिला आकडा बसवलेल्या रॅमच्या दीडपट-दुप्पट झाला असेल तर रॅम नक्की कमी पडतेय. तुमच्या बाबतीत दोन्ही कमतरता आहेत. पण एसएसडीने दोन्हींचा त्रास कमी होतो आणि रॅमने एकाचाच, म्हणून एसएसडी आधी.

बाजारात जाण्याआधी जुन्या हार्ड डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात 05, सी5 आणि सी6 या तीन ओळी वाचा: बदललेले सेक्टर, वाचता न आल्याने ताटकळलेले सेक्टर आणि दुरुस्त न होणारे सेक्टर. तिन्हींच्या उजवीकडे शून्य असेल तर निश्चिंत राहा. सी5 मध्ये आकडा दिसला आणि तो दर दोन दिवसांनी वाढत असेल, तर डिस्क निरोप घेतेय. अशा वेळी ‘चेक डिस्क’ चालवू नका, रात्रभर पूर्ण स्कॅन लावू नका. जे गमावलं तर धंदा अडेल ते सगळ्यात आधी बाहेर काढा, बाकीचं नंतर. सी7 या ओळीत आकडा असेल तर मात्र घाबरू नका. तो बहुतेक वेळा सैल किंवा खराब साटा केबलचा (डिस्क बोर्डाला जोडणारी केबल) असतो, केबल बदलली की वाढायचा थांबतो.

बॅकअप म्हणजे फक्त डी ड्राइव्ह नव्हे. डीटीपीवाल्यांचं नुकसान नेहमी सी ड्राइव्हमध्ये होतं. डेस्कटॉपवर पसरलेल्या सीडीआर फाइल्स, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, व्हॉट्सअॅपवरून आलेले पण कुठेच हलवून न ठेवलेले फोटो, ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फाँट. युनिकोडच्या आधीच्या काळातले मराठी फाँट ज्या आवृत्तीत पत्रिका बसवली त्याच आवृत्तीचे लागतात, नाहीतर जुनी फाइल उघडल्यावर अक्षरांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसतात. विंडोजच्या फोल्डरमधलं संपूर्ण फाँट्स फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या. पेजमेकर, कोरल, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, प्रिंटर, स्कॅनर या सगळ्यांचे सेटअप आणि सीरियल नंबर एका कागदावर लिहून काढा.

आता एसएसडी कोणती. तुमच्या बोर्डाला 2.5 इंची साटा एसएसडी लागेल. चपटी, लांबट एम.2 नको, एच81 च्या बोर्डांवर तिची सोय सहसा नसते. पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये अॅडॉप्टर घालून एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान एसएसडी) बसवता येते हे खरं, पण या पिढीचे बहुतेक बायोस तिच्यावरून विंडोज सुरू करत नाहीत. त्यासाठी बायोसमध्ये फेरफार करावा लागतो, आणि दुकानाच्या चालू मशीनवर मी तो कुणालाच करू देणार नाही.

क्षमता 480 किंवा 500 जीबी घ्या. 240 जीबीत विंडोज, कोरल, फोटोशॉप आणि चार महिन्यांचं काम मावेल, पण एसएसडी काठोकाठ भरली की तिचा लेखनाचा वेग घसरतो, त्यामुळे पाचवा भाग तरी मोकळा ठेवायला हवा. नवी घ्या, नामवंत कंपनीची घ्या, आणि पक्क्या बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. सॅमसंग 870 ईव्हीओमध्ये स्वतःची डीरॅम (एसएसडीच्या कामापुरती छोटी वेगवान मेमरी) आहे आणि वॉरंटी 5 वर्षांची. क्रुशियल बीएक्स500 किंवा किंग्स्टन ए400 मध्ये डीरॅम नाही, वॉरंटी 3 वर्षांची, किंमत कमी. पंचवीस-तीस जीबी एका दमात कॉपी केलीत तर दुसऱ्या गटातल्या एसएसडी मध्येच मंदावतात. रोजच्या डीटीपीत तो फरक तुम्हाला जाणवणार नाही. हार्ड डिस्कवरून यांतल्या कोणत्याही एसएसडीवर आलात तरी पहिल्याच दिवशी फरक कळेल.

‘एसएसडी लिहून लिहून झिजते’ ही भीती बरेच जण बोलून दाखवतात. हिशेब करून बघू. बीएक्स500 च्या 480 जीबी मॉडेलला कंपनी 120 टीबी लेखनाची मर्यादा देते. तुम्ही रोज 20 जीबी लिहिलंत, आणि डीटीपीच्या दुकानात एवढं रोज क्वचितच लिहिलं जातं, तरी वर्षाला 7.3 टीबी झाले. म्हणजे सोळा वर्षं. तोवर हा बोर्ड राहणार नाही.

ऑनलाइन मात्र एका गोष्टीपासून दूर राहा. अनोळखी नावाची, काही टीबीची एसएसडी पेन ड्राइव्हच्या भावात दिसली तर ती बनावट असते. आत छोटी चिप आणि तिला खोटी क्षमता दाखवायला लावलेलं असतं. चिप भरली की नव्या फाइल्स जुन्यांवर लिहिल्या जातात आणि तुम्हाला कळतही नाही. शंका असेल तर एच2टेस्टडब्ल्यू नावाच्या सॉफ्टवेअरने संपूर्ण क्षमता लिहून-वाचून तपासता येते.

रॅमकडे येऊ, कारण फसवणूक आणि गोंधळ सगळ्यात जास्त इथे होतो. तुमच्या बोर्डावर दोन स्लॉट आणि एच81 ची कमाल मर्यादा 16 जीबी, म्हणजे 8 आणि 8. डीडीआर3 च्या नव्या स्टिका नामवंत कंपन्यांकडून आता कमी येतात, त्यामुळे लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचाराल तर समोर येणारा माल बहुतेक जुन्या ऑफिस मशीनमधून काढलेला असतो. त्यात वावगं काही नाही. रॅम हा सगळ्यात कमी बिघडणारा भाग आहे, जुनी चालते. फक्त लेबल नीट वाचा.

लेबलवर ‘पीसी3-12800’ म्हणजे डीडीआर3 1600. ‘पीसी3एल’ असेल तर 1.35 व्होल्टची, तीही तुमच्या बोर्डावर चालते. त्या आकड्यानंतरचं अक्षर पाहा. ‘यू’ असेल तर डेस्कटॉपची. ‘आर’ असेल तर ती सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम. ती स्वस्त मिळते, स्लॉटमध्ये बसते, आणि मशीन चालू होत नाही. ‘एस’ असेल तर लॅपटॉपची, ती आकारानेच लहान असते. मग चिपची रचना पाहा. ‘2आरएक्स8’ असं असायला हवं. बाजारात ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून 8 जीबीच्या फार स्वस्त स्टिका फिरतात. त्यांतल्या चिप्स वेगळ्या रचनेच्या असतात आणि इंटेलच्या बोर्डावर त्या चालत नाहीत. विकणारा ‘चालेल, लावून बघा’ म्हणाला तर ‘चालली नाही तर परत घ्याल’ असं बिलावर लिहून मागा. लिहून देणार नसेल तर पुढच्या दुकानात जा.

डीडीआर4 यात बसणार नाही. डीडीआर3 ला 240 पिना आणि डीडीआर4 ला 288, खाचेची जागाही वेगळी. जोर लावून बसवायला गेलात तर स्लॉट तुटेल.

किती घ्यायची? फॉर्म भरणं, पत्रिका आणि टायपिंग एवढंच असतं तर 8 जीबी पुरेशी होती. तुमच्याकडे फ्लेक्स आहे, म्हणून उत्तर बदलतं. दहा फूट बाय आठ फूट फ्लेक्स 72 डीपीआयवर घेतला तर 8640 गुणिले 6912 पिक्सेल, म्हणजे जवळजवळ सहा कोटी. सीएमवायकेमध्ये प्रत्येक पिक्सेलला 4 बाइट धरले तर पूर्ण भरलेल्या एका लेयरला सुमारे 240 एमबी. पार्श्वभूमी, नेत्यांचे फोटो, सावल्या, झालर असे आठ-दहा लेयर आणि वर अनडूचा इतिहास. एकट्या फोटोशॉपला अडीच-तीन जीबी सहज लागते. त्यात क्रोमच्या दहा टॅब आणि उघडा असलेला कोरल. म्हणून तुम्हाला 16 जीबी लागेल, आणि सारख्या दोन 8 च्या स्टिका घ्या.

पैसे एकदम काढणं जड जात असेल तर आत्ता एकच 8 ची घ्या आणि जुनी 4 ची शेजारी राहू द्या, एकूण 12. इंटेलचा मेमरी कंट्रोलर त्यातली 4 आणि 4 दुहेरी मार्गाने चालवतो, उरलेली 4 एकेरी. सगळी मिळून ती वापरली जातेच. वेगवेगळ्या वेगाच्या असतील तर दोन्ही कमी वेगावर चालतात, तेवढंच. तुमच्या मशीनमध्ये स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे प्रोसेसरमधलं एचडी 4600 ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, त्यामुळे एकाऐवजी दोन स्टिका लावण्याचा फायदा तुम्हाला इतरांपेक्षा थोडा जास्त मिळेल.

आणखी एक छोटी वस्तू यादीत घाला: सीआर2032 चा सेल. बोर्डावरचा हा सेल दहा वर्षांत संपलेलाच असतो. मशीनची तारीख मागे जाते, मग सरकारी साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं म्हणतात, आणि बायोसची सेटिंग्ज मूळ पदावर येतात. यातली शेवटची गोष्ट एसएसडी बसवल्यावर जास्त नडते. काही बोर्डांवर मूळ सेटिंगमध्ये साटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, जुना आयडीई असतो, तुम्ही विंडोज नव्या एएचसीआय मोडमध्ये टाकलेली असते. लाइट जाऊन आली की मोड बदलतो आणि विंडोज निळ्या पडद्यावर अडकतं. लोक समजतात नवी एसएसडी गेली. सेल बदला, मोड पुन्हा एएचसीआय करा, मशीन चालू होतं.

बसवण्याचं काम तुम्ही स्वतः करू शकता, पेचकसाच्या पलीकडे काही लागत नाही. मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून आतला उरलेला करंट उतरवा. कॅबिनेट बाहेर अंगणात नेऊन ब्लोअरने धूळ उडवा, पंखे बोटाने धरून ठेवा. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, आणि मधून मधून लावत राहा. नायलॉनचे कपडे घालून, सतरंजीवर बसून हे काम करू नका. झाकण उघडलंच आहे तर प्रोसेसरभोवतीचे आणि एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याचा डबा) जाळीतून दिसणारे कपॅसिटर पाहा. डोकी फुगलेली किंवा तपकिरी डाग ओघळलेला दिसला तर थांबा. एसएमपीएस असेल तर बदलून घ्या. बोर्डावरचे फुगले असतील तर रॅमचे पैसे त्यात घालू नका, फक्त एसएसडी घ्या, कारण ती उद्या दुसऱ्या मशीनला लावता येते.

रॅमच्या स्लॉटच्या दोन्ही टोकांच्या कड्या उघडा, खाच जुळवा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्याने सारखा दाब द्या. दोन्ही बाजूंनी ‘टक्’ झाल्याशिवाय ती बसलेली नसते, एका बाजूनं वर राहिलेली स्टिक हे ‘डिस्प्ले येत नाही’चं पहिलं कारण. कोकणात किंवा घाटमाथ्यावर असाल तर पावसाळ्यानंतर जुन्या स्टिकच्या सोनेरी पट्ट्या काळवंडलेल्या दिसतात. त्या आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने पुसा. ते नसेल तर पांढरं मऊ खोडरबर हलक्या हाताने चालवा आणि त्याचा चुरा ब्रशने पूर्ण झाडा. शाईचं खरखरीत खोडरबर नको, ते सोन्याचा मुलामाच खरवडतं. तरीही डिस्प्ले नाही आला तर एकेक स्टिक, एकेका स्लॉटमध्ये लावून पाहा. स्टिक खराब की स्लॉट, चार फेऱ्यांत समजतं.

एसएसडीला साटाची केबल आणि एसएमपीएसची चपटी वायर एवढंच लागतं. एच81 वर चार साटा पोर्ट असतात, त्यांतले दोनच 6 गिगाबिटचे. ते बहुधा वेगळ्या रंगाचे असतात किंवा शेजारी बारीक अक्षरात छापलेलं असतं. एसएसडी त्यांतल्या पहिल्यावर लावा. एसएमपीएसमधून चपटी वायर कमी पडत असेल तर जुन्या चार पिनांच्या वायरीवर लावायचा जोड मिळतो. त्यात एकसंध प्लॅस्टिक ओतून बंद केलेला स्वस्त जोड घेऊ नका, आत तारा एकमेकींना टेकून तो जळू शकतो. ज्याच्या पिना वेगळ्या दिसतात, झाकण दाबून बसवलेलं असतं, तसा मागा. एसएसडी उभी, आडवी, कशीही बसवा. ब्रॅकेट नसेल तर दोन स्क्रू पुरतात.

आता विंडोज. ‘क्लोन मारून द्या’, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत नवीवर उतरवा, ही नेहमीची मागणी असते, आणि 64 बिट विंडोज असलेल्या निरोगी डिस्कसाठी ती ठीक आहे. तुमच्यासाठी नाही. 32 वरून 64 वर वरच्यावर अपग्रेड करता येत नाही, नव्याने टाकावंच लागतं. तसंही 500 जीबीची डिस्क प्रत्यक्षात 465 दाखवते आणि 480 ची एसएसडी 447, त्यामुळे पार्टिशन आधी लहान केल्याशिवाय क्लोन बसतही नाही.

मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर 64 बिटचा सेटअप बनवा. बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय करा. आणि इथे एक गोष्ट विसरू नका: जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. ती लावलेली असली तर सेटअप बूट लोडर (विंडोज सुरू करून देणारा भाग) अनेकदा जुन्या डिस्कवरच टाकतो, आणि सहा महिन्यांनी ती डिस्क काढली की एसएसडीवरची विंडोज सुरूच होत नाही. बूट मेनूत पेन ड्राइव्हच्या नावाआधी ‘यूईएफआय’ लिहिलेला पर्याय निवडा. लायसन्सची चिंता नको. आधीची विंडोज 10 रीतसर अॅक्टिव्हेट असेल तर डिजिटल लायसन्स बोर्डाशी जोडलेलं असतं, तीच आवृत्ती, होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो, टाकली की नेट लागल्यावर आपोआप अॅक्टिव्हेट होते. ड्रायव्हर बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून घ्या.

64 बिटमध्ये एक खरी अडचण आहे. 16 बिटचे फार जुने प्रोग्रॅम त्यावर चालतच नाहीत, आणि जुन्या यूएसबी लॉकला (सॉफ्टवेअर चालण्यासाठी लावावी लागणारी किल्ली), प्रिंटरला, स्कॅनरला 64 बिटचा ड्रायव्हर लागतो. तुमच्या मराठी सॉफ्टवेअरचं लॉक असेल तर त्या कंपनीला आधी फोन करून तुमच्या आवृत्तीचा 64 बिट ड्रायव्हर आहे का ते विचारा. विंडोज टाकून झाल्यावर, रविवारी रात्री, लग्नसराईत हे कळायला नको. म्हणूनच जुनी हार्ड डिस्क महिनाभर हात न लावता ठेवायची. काही अडलं तर एसएसडीची केबल काढा, जुनी लावा, साटा मोड आधी होता तो करा आणि ती पत्रिका जुन्या विंडोजवर पूर्ण करून द्या.

आणि विंडोज 10 च टाकायची का, हा प्रश्न टाळता येणार नाही. तिचा नेहमीचा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. 22एच2 आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर वैयक्तिक वापरकर्त्यांच्या ईएसयू (वाढीव सुरक्षा अपडेट) योजनेत नाव नोंदवून सुरक्षा अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात. विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं. तुमचा चौथ्या पिढीचा. रुफस हे सेटअपचा पेन ड्राइव्ह बनवायचं सॉफ्टवेअर वापरून ती अट ओलांडता येते आणि चालतेही, पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही.

माझं मत तुमच्या धंद्याकडे बघून आहे. तुम्ही गावातल्या लोकांचे आधार, पॅन, बँक पासबुक आणि ओटीपी हाताळता. ते काम अपडेट बंद झालेल्या विंडोजवर करू नये, असं मला मनापासून वाटतं. 500 जीबीच्या एसएसडीवर सव्वाशे जीबी वेगळी काढा आणि तिथे लिनक्स मिंट 22 ही विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाका. तिला 2029 पर्यंत अपडेट आहेत, 4 जीबी रॅमवरही ती बरी चालते, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिच्यात आहे. फॉर्म भरण्याचं, बँकेचं, ईमेलचं सगळं काम तिच्यात फायरफॉक्सवर. कोरल, पेजमेकर, लॉकवालं सॉफ्टवेअर विंडोजमध्ये, आणि विंडोजमध्ये असताना नेटची केबल काढलेली. मशीन सुरू करताना कुठे जायचं ते निवडायचं. एसएसडीमुळे एकातून दुसऱ्यात जायला मिनिटभरही लागत नाही.

सगळं झाल्यावर रात्री रॅम तपासणारं मेमटेस्ट86+ पेन ड्राइव्हवरून चालवून झोपा. सकाळी एकही लाल ओळ दिसली तर ती स्टिक परत करा. ‘एवढी चालते की’ असं म्हणून ठेवू नका, कारण खराब रॅम फाइल सेव्ह होताना ती हळूच बिघडवते आणि ते महिन्यांनी कळतं. टास्क मॅनेजरमध्ये ‘स्लॉट्स यूज्ड 2 ऑफ 2’ आणि वेग 1600 दिसतोय ना ते पाहा. एसएसडीला डीफ्रॅग (विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) लागत नाही. विंडोज तिची ट्रिम (डिलीट केलेल्या फाइल्सची जागा मोकळी करणं) स्वतःच ठरावीक वेळाने करत राहतं, कुठल्याही ‘स्पीड बूस्टर’ सॉफ्टवेअरची गरज नाही. यूपीएस नसेल तर घ्या. घरगुती एसएसडीमध्ये अचानक लाइट गेल्यावर हातातलं लेखन पूर्ण करण्याएवढी वीज साठवलेली नसते.

ट्रिमचा एक परिणाम आधीच माहीत असू द्या. हार्ड डिस्कवरून चुकून डिलीट झालेली फाइल रिकव्हरी सॉफ्टवेअरने बऱ्याचदा परत मिळायची. एसएसडीवर ट्रिम झालं की ती जागा खरोखर रिकामी होते, फाइल परत येत नाही. एसएसडी बंद पडतानाही हार्ड डिस्कसारखी आधी कुरकुरत नाही, सकाळी मशीन तिला ओळखतच नाही. म्हणून महिन्याभराने जुनी डिस्क निरोगी असेल तर तिला 12 व्होल्टच्या अॅडॉप्टरसह येणाऱ्या 3.5 इंची यूएसबी केसमध्ये घाला आणि दर शनिवारी त्यावर कामाची कॉपी घ्या. कॉपी झाली की वायर काढून कपाटात. सी5 चा आकडा वाढत असेल तर ती बॅकअपलाही वापरू नका आणि तशीच भंगारवाल्यालाही देऊ नका. तिच्यात गावातल्या लोकांचे आधार कार्डांचे स्कॅन आहेत. आधी पूर्ण फॉरमॅट करा, क्विक नव्हे, आणि डिस्क तेवढंही पूर्ण करू देत नसेल तर झाकण उघडून आतली तबकडी फोडून टाका.